वरमाईची मान

अनसिंगच्या बाजारात लोक गोजराकाकूकडे भाजी बघून जातात की आवाज ऐकून, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. "घ्या सांबार, आताच आंघोळ करून आला सांबार, पानी झटकून घ्या" असं ती सुरू झाली की समोरचा कांदेवाला आपलं ओरडणं बंद करतो आणि बिडी पेटवतो. उपयोगच नसतो. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडचं कुणी वाचत असेल तर उगाच इडलीची वाट बघत बसायचं.)

काकू आमच्या शेजारची. गावाला लागून तिचं विहिरीचं वावर आहे, त्यात मेथी, पालक, वांगी आणि हा आंघोळ केलेला सांबार. चंपतकाका पाणी देतात, काकू विकते. काका दिवसभरात जेवढं बोलतात तेवढं काकू चहात साखर टाकता टाकता बोलून मोकळी होते. तिची एक खोड मात्र सगळ्या गावाला माहीत आहे. ती भांडण विसरत नाही. कुणी कधीकाळी तिला "तुयी वांगी किडकी" म्हटलेलं असलं, तर कितीतरी वर्षांनी त्याच्याच घरच्या तेरवीला वांग्याची भाजी वाढताना ती वाकून विचारणार, "पाय बरं भाऊ, कीड-बीड निंगते का."

अशा बाईची एकुलती एक पोरगी तनुजा वाशीमला दिली आणि तिथं काकूला तिच्या तोलाची विहीण भेटली.

विहीण म्हणजे ज्योत्स्नाबाई. मूळच्या शिरपूरच्या, शेतकऱ्याच्याच घरच्या. पण वाशीमला कॉलनीत घर झालं तसं त्यांनी वऱ्हाडी बोलणं चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवलं. आता त्या शुद्ध बोलतात. आपली माणसं 'ण' चा 'न' करतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, म्हणून खबरदारी म्हणून त्या सगळीकडेच 'ण' लावतात. "या विहीणबाई, मणापासूण आणंद झाला. चपला तिकडे काढा." हे वाक्य मी त्यांच्या आवाजात म्हटलं की तनुजाताई पदर तोंडात कोंबते आणि दाराकडे बघते.

ज्योत्स्नाबाईंना क्रोशाचं विणकाम येतं. येतं म्हणजे थांबवता येत नाही. त्यांच्या घरात जी जी वस्तू हलत नाही तिला विणलेलं कव्हर आहे. टीव्हीला आहे, रिमोटला आहे, फ्रीजच्या दांडीला आहे. गॅसच्या सिलिंडरला तर झालरीचा घागराच आहे. तनुजाताईचे सासरे एका जागी फार वेळ बसत नाहीत, ते बहुतेक याच भीतीने. आणि सगळं कसं फिकट. पिस्ता, मोतिया, बदामी. "आम्हाला भडक चालत णाही हो."

तनुजाताईच्या बाळाचं बारसं झालं तेव्हा काकू वाशीमच्या दुकानातून एक चिमुकलं स्वेटर घेऊन गेली होती. हळदीच्या रंगाचं, पोटावर बदक काढलेलं. दुकानात तिने ते किती वेळ गालाला लावून पाहिलं होतं. ज्योत्स्नाबाईंनी ते दोन बोटांत धरलं, उंदराचं पिल्लू धरतात तसं, आणि बायकांना फिरवून दाखवलं.

"विकतचं दिसतंय. छाण आहे. पण आमच्याकडे बाळाला हातचंच घालतात हो. विकतच्या वस्तूत माया णसते."

कॉलनीतल्या बायका नाकातून हसल्या. काकूने तोंड उघडलं होतं, पण पाळण्याच्या पलीकडून तनुजाताईने अशी नजर टाकली की काकूने त्या उघडलेल्या तोंडात लाडू घातला.

एवढ्यावर भागलं असतं. पण संक्रांत झाल्यावर काकू पोरीकडे भाजीची थैली घेऊन गेली तेव्हा फाटकातच ज्योत्स्नाबाई स्कुटी पुसत होत्या. हातात पिवळं फडकं होतं. फडक्याला बाही होती. बदक आरशावरून फिरत फिरत खाली आलं आणि चाकावरच्या चिखलाला लागलं.

"इहीनबाई, काय पुसून राह्यल्या?" काकूने विचारलं.

"धूळ हो. वाशीमला किती धूळ आहे तुम्हाला कल्पणा णाही."

काकूने भाजी दिली, बाळाचा पापा घेतला, चहा नको म्हणाली आणि परतीच्या जीपमध्ये बसली. अंगणात पाय ठेवल्यावर मग तिने काकांना सगळं सांगितलं आणि शेवटी जे म्हणाली ते आमच्या घरापर्यंत ऐकू आलं.

"तिले हातचं पायजे ना? हातचंच देईन. मे महिन्यात तिच्या लहान्या पोराचं, हरीओमचं लगन आहे. भर मांडवात तिच्या आंगात लोकरीचं स्वेटर घालीन, अन् तिच्याच तोंडून म्हनवीन, काढा."

काकांनी विचारलं, "तुले इनता येते?"

"नाही."

"मंग?"

"मंग काय? राग तं येते ना."

दुसऱ्याच खेपेला तिने लोकर आणली. थंडी सरत आली होती, दुकानात उरलेसुरले गुंडे होते. दुकानदार मोठ्या प्रेमाने विचारायला लागला, "आजी, नातवासाठी का? हा पाहा पिस्ता. एकदम सोबर."

"सोबर तिच्याकडे लय आहे बापा. मले तो रंग दाखवा जो पाहून मानूस रस्त्याच्या त्या बाजूनं जाते."

दुकानदाराने माळ्यावरून ते खोकं काढलं ज्यातलं कुणी काही घेत नव्हतं. राणी रंग, मिरचीचा लाल, कोवळ्या पोपटाचा हिरवा, वांग्याचा जांभळा, आणि रस्ता खोदणारी माणसं अंगात घालतात तो डोळ्यात घुसणारा नारिंगी. काकूने हात फिरवला आणि खोक्यासकट उचललं.

शिकवायला आमच्या गल्लीतली सपनावहिनी होती, म्हणजे सपनावहिनीचा मोबाईल होता. त्यातल्या व्हिडिओत एक पुण्याच्या बाई गोड गोड बोलायच्या. "तर मैत्रिणींनो, सुई अशी धरायची, जणू पेन धरलंय." काकूने सुई धरली, जणू खुरपं धरलंय. आधी नुसती साखळी आली. साखळी काकूला फार आवडली, कारण ती घालता घालता बोलता येत होतं, आणि ती इतकी लांब गेली की चंपतकाकांनी एकदा साखळीकडे आणि एकदा वासराकडे बघून दाव्याचं माप घेतलं.

साखळीनंतर त्या बाई म्हणाल्या, "आता शिकूया मुका खांब. साधा खांब असतो उंच, आणि हा आपला बुटका, शांत, मुका. इथे घाई नको, बडबड नको, फक्त लक्ष."

विणकामात टाक्याला खांब म्हणतात आणि त्यातल्या सगळ्यात ठेंगण्याला मुका खांब. एवढंच त्याचं आहे. पण काकूने मोबाईल बाजूला ठेवला आणि गंभीर होऊन सपनावहिनीला म्हणाली, "हे तं कठीन काम आहे वं. मुका खांब मुक्यानंच घाला लागते."

"तसं नाही हो काकू. त्याचं नाव आहे ते."

"नाव कोनी उगाच ठेवते का? तिनं सांगतलं ना, बडबड नको."

त्याच वेळी एक बकरी मेथीत तोंड घालायला लागली. काकू "हाड" म्हणाली आणि हातातला टाका सुईवरून निसटला. "पाय," काकू म्हणाली. "बोललं की सुटते." त्या दिवसापासून हातात सुई असेपर्यंत काकूचं तोंड बंद झालं.

अनसिंगला काही हा प्रकार माहीत नव्हता. बायका बघायला यायच्या. काकू ओसरीवर बसलेली, ओठ घट्ट मिटलेले, डोळे सुईवर, आणि मांडीवर कसलंतरी रंगीबेरंगी दांडगं काम. बायका तिच्या समोरच आपसात बोलायच्या. "लकवा म्हनावं तं तोंड वाकडं नाही दिसून राह्यलं." "आतून असन." "पोरीच्या सासरी काही झालं म्हनते." "बुवा केला का कोनता?" काकू एकेकीकडे डोळे वर करून बघायची, म्हणजे लक्षात राहावं. कांदेवाला घरी येऊन गेला. ओसरीखाली उभा राहून म्हणाला, "काकू, तुमी ओरडा बरं एखाद्या वेळेस. बाजार सुना लागते."

बाजारात चंपतकाकांना बसावं लागलं. ते भाजी मांडायचे, घसा साफ करायचे आणि पुढच्या माणसाला हळूच सांगायचे, "सांबार... आहे."

एका दुपारी तनुजाताईचा फोन आला. काकू ओळीच्या मधोमध होती. काकांनी फोनचा आवाज मोठा करून तो तिच्यापुढे धरला.

"आई? आई, बोल ना वं. काहून बोलत नाही?"

"ते मुकी आहे सध्या," काका म्हणाले.

फोनच्या मागून, लांबून, दुसरा आवाज आला. "काय झालं गं? विहीणबाई बोलत णाहीत? बरं झालं बाई. बाळाच्या काणांणा तेवढाच आराम."

काकूची सुई थांबली. काकांनी फोन थोडा लांब धरला, न जाणो. पण काकू बोलली नाही. ती ओळ तिने शेवटपर्यंत नेली, राणी रंगाचा धागा तोडला आणि मिरचीचा लाल जोडला. सुई खाली ठेवल्यावर म्हणाली, "हा पट्टा कानाचा." तेव्हा कळलं की बाकीच्या पट्ट्यांनाही नावं होती. नारिंगी होता तो स्कुटीचा. हिरवा 'माया णसते' याचा. जांभळा होता 'चपला तिकडे काढा' याचा, आणि तो सगळ्यात रुंद होता, कारण ते त्या प्रत्येक वेळी म्हणतात.

माप घ्यायची पंचाईत होती. तनुजाताईला विचारलं असतं तर बोभाटा झाला असता. काकूने घरात नजर फिरवली. कोपऱ्यात सोयाबीनचा भरलेला कट्टा, म्हणजे पोतं, उभा होता, तोंड सुतळीने बांधलेलं. काकूने त्याला पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं, मिठी मारून पाहिली आणि म्हणाली, "याच हायेत. वरपासून खालपर्यंत एकसारख्या." त्यानंतर स्वेटर कट्ट्यावर चढवून बघत बघत पुढे गेलं. दोन्ही काठांना टाके आपोआप वाढत होते, ते कसे थांबवायचे हे काकूला माहीत नव्हतं, त्यामुळे खाली खाली ते तंबूसारखं पसरलं. गळा शेवटी घातला, तो बसला कट्ट्याच्या बांधलेल्या तोंडावर, अगदी चपखल.

"काकू," सपनावहिनी म्हणाली, "कट्ट्याले डोस्कं नसते हो."

"इहीनबाईले तरी कुठी आहे," काकू म्हणाली.

बाह्यांसाठी कट्टा कामाचा नव्हता. एक बाही तिने स्वतःच्या हातावर मापली, दुसरी काकांच्या. काका उंच आहेत.

एप्रिलमध्ये लग्नाची पत्रिका आली. सोनेरी अक्षरं, वर गणपती, आणि खाली चौकटीत: कृपया आहेर आणू नये. काकांनी ते मोठ्याने वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मी स्वतः पाहिलं, सुटल्याचा आनंद दिसला.

"आता?" ते म्हणाले.

"ते गावाले छापलं," काकू म्हणाली, आणि पदर खोचून गुलाबसिंगकडे गेली.

गुलाबसिंग आमच्या भागातल्या सगळ्या लग्नांत माईकवर असतो. तो नाव चुकीचं घेतो पण इतक्या जोरात घेतो की ज्याचं असेल तो उठून येतोच. वाशीमच्या या लग्नाचंही बोलावणं त्यालाच होतं.

"वरमाईचा आहेर तू पुकारशील," काकूने सांगितलं.

"पत्रिकेत तं नको लिहेल आहे ना काकू."

"तू माईकवर पत्रिका वाचतं का नाव घेतं?"

गुलाबसिंगने विचार केला. "नाव घेतो," तो म्हणाला. आणि आपलंच खरं ऐकून खूश झाला.

आमच्याकडे आहेर नुसता हातात देऊन होत नाही. अंगावर घालावा लागतो. साडी असली तर खांद्यावर, शेला असला तर गळ्यात, टोपी असली तर डोक्यावर. आणि एकदा अंगावर घातलेला आहेर पंगत उठेपर्यंत उतरवायचा नसतो. उतरवला तर देणाऱ्याचा अपमान. काकूचा सगळा डाव या एका गोष्टीवर होता, आणि तो ज्योत्स्नाबाईंनाही चांगला समजण्यासारखा होता, कारण शिरपूरलाही असंच असतं.

लग्नाच्या दिवशी वाशीम तव्यासारखं तापलं होतं. कार्यालयातले कूलर घूं घूं करत गरम हवाच इकडची तिकडे फिरवत होते. ज्योत्स्नाबाई पिस्ता रंगाच्या रेशमी साडीत होत्या, मोठा अंबाडा, त्यावर मोगऱ्याचा गजरा. अक्षता पडल्या. गुलाबसिंगने माईकवर टिचकी मारली.

"तर मंडळी, बसून घ्या, पंगत लागून राह्यली, कोनी उपाशी जानार नाही. त्याच्या आंधी एक खास आहेर. वराची आई म्हंजे वरमाई, सौभाग्यवती जोसनाबाई..."

"ज्योत्स्णा," त्या खालून म्हणाल्या.

"...जोसनाबाई, यांच्यासाठी अनसिंगहून त्यांच्या इहीनबाई घेऊन आल्या, सोताच्या हातानं इनेल स्वेटर."

काकू स्टेजवर चढली आणि थैलीतून ते काढलं. पुढच्या रांगेतलं एक लहान पोरगं रडायला लागलं. तनुजाताई बाळाला घेऊन खांबाच्या मागे गेली.

ज्योत्स्नाबाई हसत हसत हळूच म्हणाल्या, "अहो विहीणबाई, पत्रिकेत छापलंय णा, आहेर णको म्हणूण."

माईक जवळ होता. "वरमाई म्हनतात, पत्रिकेत छापलं," गुलाबसिंगने सगळ्यांना सांगितलं.

"विकतचा नको म्हनून छापलं असन," काकू म्हणाली. तिचा बाजारातला आवाज परत आला होता, तिला माईक लागत नाही. "हा तं हातचा आहे, इहीनबाई. तुमच्याकडे हातचंच चालते ना? लय माया आहे याच्यात. तुमी पाहालच."

बारशाला नाकातून हसलेल्या कॉलनीतल्या बायका तिथं होत्याच. त्यांच्यातल्या एकीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. ज्योत्स्नाबाईंनी एकदा टाळ्यांकडे पाहिलं, एकदा नव्या सुनेच्या माहेरच्यांकडे, आणि हात वर केले.

स्वेटर खाली आलं आणि नाकापाशी अडकलं. थोडा वेळ वरमाईला डोकंच नव्हतं, नुसता गरम श्वास आत-बाहेर होत होता. काकूने दोन्ही हातांनी खाली ओढलं. डोकं बाहेर आलं. गजरा आतच राहिला. उजवा हात बाहीतून निघाला, डाव्याची नुसती बोटांची टोकं दिसली. कमरेखाली घेर असा फुलला की त्यांच्याच घरातलं सिलिंडर लग्नाला आल्यासारखं वाटलं. फोटोवाला म्हणाला, "वरमाई, स्माईल." मग पाहुण्यांची रांगच लागली. प्रत्येकाला वरमाईसोबत फोटो पाहिजे होता. नवरीकडे कुणी बघेना.

काकू खाली येऊन पंगतीत बसली. जागा अशी निवडली की स्टेज सरळ दिसावं. पहिला घास घेण्याआधी ती मला म्हणाली, "आता कान तिकडं ठेवजो. 'काढा' म्हनते का पाहू."

पण ज्योत्स्नाबाईही कच्च्या नव्हत्या. त्यांनी त्या अवतारात नवरीकडच्यांचं स्वागत केलं, वाढप्यांना सूचना दिल्या, "मणापासूण जेवा" म्हणाल्या. कपाळावरचं कुंकू नाकावर आलं, तरी हसत होत्या. मग त्या तनुजाताईला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. पुढचं तनुजाताईने नंतर सांगितलं.

आत जाऊन त्यांनी स्वेटर काढायचा प्रयत्न केला. गळा हनुवटीच्या वर येईना. पण त्या मुरलेल्या विणणाऱ्या. क्रोशाच्या कामात शेवटचं टोक ओढलं की ओळ सरसर उसवते, हे त्यांना झोपेतही माहीत. त्यांनी गळ्यापाशी चाचपून ते टोक शोधलं आणि विश्वासाने ओढलं. गळा आवळला. त्यांना वाटलं, चुकीच्या बाजूने ओढलं. पुन्हा ओढलं. आणखी आवळला.

झालं असं होतं की काम कसं संपवायचं हे सांगायच्या आधीच सपनावहिनीच्या मोबाईलचा रिचार्ज संपला होता. काकूने मग शेवट तिला येत होता तसा केला. मेथीची जुडी बांधतात ती गाठ मारली. शेवटालाच नाही, रंग बदलला त्या प्रत्येक ठिकाणी. ही गाठ लांब टोकाने ओढली की घट्ट होत जाते, आणि आखूड टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. आखूड टोकं काकूने चांगली दिसावीत म्हणून इतकी बारीक कापली होती की ती बोटांत येत नव्हती.

तनुजाताईने कात्री आणली. ज्योत्स्नाबाईंनी ती बघितली आणि मागे सरकल्या. "आहेराला कात्री? घरात णवी सूण येतेय आणि कात्री?" मग बाहेर आल्या, पंगतीच्या रांगेतून सरळ आमच्याकडे.

"विहीणबाई, जेवण झालं का?"

"चालू आहे. वांग्याची भाजी भल्ली झाली."

"जरा माण बघता का?"

"कोनाचा मान?"

"माझी. माझी माण."

"मान तं तुमाले देल्ला ना. माईकवर देल्ला."

"तसं णाही हो. आवळतेय."

"आवळनच. मायेचा आहे."

ज्योत्स्नाबाई काकूच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. चेहरा कानाच्या पट्ट्याच्या रंगाचा झाला होता. इकडेतिकडे पाहिलं आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "काढा."

माझ्या बाजूला बसलेल्यांनाही ऐकू आलं. काकूने हात कानामागे नेला. "काय म्हनता? त्या कूलरचा लय आवाज होऊन राह्यला."

"काढा णा विहीणबाई."

"पंगत उठाची आहे न अजून."

आणि मग ज्योत्स्नाबाईंच्या घशातून तो आवाज आला. कॉलनीच्या आधीचा, शिरपूरचा, इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलेला. "काढ ना वं बाई! मले दम लागून राह्यला. मरतो मी आता इथंसा. कायले माह्या जीवावर उठली?"

त्यात एकही 'ण' नव्हता. मी शोधला.

काकूने तिच्याकडे बघितलं. पानात एक जिलबी उरली होती, ती तिने सावकाश संपवली. ताकाची वाटी प्याली. हात धुतला, पदराला पुसला. मग उठून वाकली आणि ज्योत्स्नाबाईंच्या हनुवटीखाली तोंड घातलं, कारण ते आखूड टोक दातांशिवाय कशातच येणार नव्हतं.

लांबून बघणाऱ्याला काय दिसावं. गुलाबसिंगने बघितलं आणि माईक तोंडाशी नेला. "पाहा मंडळी, इहिनी-इहिनीचं प्रेम पाहा. अशा इहिनी आजच्या जमान्यात भेटत नाहीत. वाजवा टाळ्या." टाळ्या वाजल्या. व्हिडिओवाला धावत आला, दिवा तोंडावर धरला.

मी दोन खुर्च्या सोडून होते, म्हणून मला ऐकू आलं. दातात धागा धरल्या धरल्या काकूने विचारलं, "आजकाल गाडी कायनं पुसता, इहीनबाई?"

ज्योत्स्नाबाई कॅमेऱ्याकडे बघत हसत होत्या. "फडक्यानं."

"कोनत्या?"

"जुन्या लुगड्याच्या."

"मंग ठीक," काकू म्हणाली आणि झटका दिला.

गळा मोकळा झाला. ज्योत्स्नाबाईंनी स्वेटर डोक्यावरून काढलं, त्यातला चुरगळलेला गजरा बाहेर काढला, पदर नीट केला, कुंकू पुसलं. दोन श्वास घेतले, आणि तिसऱ्या श्वासाला त्या परत कॉलनीत गेल्या. "छाण ऊब आहे हो," त्या म्हणाल्या. "आभारी आहे."

लग्नाला महिना होऊन गेल्यावर तनुजाताईचा फोन आला. काकू ओसरीवर उद्याच्या बाजारासाठी जुड्या बांधत होती, म्हणून फोन मांडीवर ठेवून मोठा केला.

"आई, त्या स्वेटराचं काय झालं माहीत आहे का? अल्बममध्ये सगळीकडे तेच आहे. सासूबाई फेकूही शकत नाहीत, लोक विचारतात. अन् कपाटात ठेवलं तं त्याईले झोप नाही येत. म्हनतात, उसवून टाकते, लोकर तरी कामी येईन. रोज दुपारी घेऊन बसतात. एका जागी हात गेला की गाठ. तिथून पुढं काही जात नाही. सुईनं टोकरतात, ओढतात, ते अजून घट्ट होते. काल तं मले म्हने, कोण बांधतं गं अशा गाठी."

"मंग तू काय म्हनली?"

"काय म्हनू? लहानपनापासून बांधल्या मी त्या." तनुजाताईचा आवाज एकदम खाली आला. "आई, सांगून देऊ का त्याईले? आखूड टोकाचं?"

काकूचे हात थांबले. मागून, लांबून, वाशीमच्या खोलीतून तो आवाज आला: "तणुजा, कुणाशी बोलतेस गं? जरा ती बारीक सुई दे. हा हिरवा काही सुटत णाही."

काकूने तो आवाज पूर्ण ऐकून घेतला, विरेपर्यंत.

"सांगशील," ती म्हणाली, "तं या घरचा सांबार तुले बंद."

फोन ठेवल्यावर तिने पुढची मेथी हातात घेतली, गाठ मारली आणि लांब टोक ओढून बघितलं. जुडी करकचून बसली.

"बस," काकू तिला म्हणाली. "बस तशीच."